भरदुपारच्या बत्त्या

पौष सरत आला, ज्वारीच्या कणसांत दूध भरलं, की माझ्या मनात उगीच धाकधूक सुरू होते. माझ्या नावावर गुंठाभरही शेत नाही. जन्मभर मास्तरकी केली, आता पेन्शन खातो. भोरड्यांनी कुणाचं पीक खाल्लं काय आणि ठेवलं काय, माझं काहीच जात नाही. तरी या दिवसांत एस.टी.त बसलो की मी हट्टानं खिडकीची जागा धरतो आणि कणसं बघत बसतो.

परवा असाच जिंतूरला निघालो होतो. तिथल्या एका सांस्कृतिक मंडळानं अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. या वयात माणसाला अध्यक्ष म्हणूनच बोलावतात, कारण दुसरं काही येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, मधूनच हरभरा, आणि कुठंतरी ज्वारीचा एखादा पट्टा. त्या पट्ट्यावर पाखरं भ्यावीत म्हणून जुन्या कॅसेटची फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. वाऱ्यानं ती फडफडायची, उन्हात चकाकायची. मचाण नाही, गोफण नाही, आरोळी नाही. त्या फितीवर कुण्या बिचाऱ्याची गाणी असतील आणि त्यांनी आता भोरड्या उडवायच्या, या विचारानं मला हसू आलं. शेजारच्या बाई माझ्याकडं बघून जरा सरकून बसल्या.

मांडीवर निमंत्रणपत्रिका होती. पहिल्या पानावर देणगीदारांची नावं, मानाप्रमाणं लहानमोठ्या अक्षरांत. कलावंतांची नावं शेवटच्या पानावर, चष्मा पुसून वाचावी लागतील अशी. मी ‘कला आणि दातृत्व’ या विषयावर बोलायचं होतं. दातृत्व म्हटलं की मला भरदुपारी जळणाऱ्या दोन गॅसबत्त्या आठवतात. पण ती गोष्ट सभेत सांगता येण्याजोगी नाही. सांगितली तर पहिल्या पानावरची मंडळी रागावतील.

त्या साली मी पिंगळी स्टेशनापासून दीड कोसावरच्या एका गावात मास्तर होतो. हैदराबाद संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझं स्वतःचं शिक्षण सगळं उर्दूत आणि आता शिकवायचं मराठीत, त्यामुळं पोरांच्या आधी मीच पहाटे उठून जोडाक्षरं घटवायचो. वय बावीस. जग सुधारायची इतकी घाई, की धुतलेला सदरा वाळायचीही वाट बघायचो नाही, दमटच अंगात घालायचो.

गावात सोंगी भजनाचं मंडळ होतं. सोंगी भजन म्हणजे भजन म्हणता म्हणता एकेक सोंग आणायचं आणि आख्यान उभं करायचं. टाळ, मृदंग, एक पेटी, बस्स. हुरडा संपता संपता, काढणी अंगावर यायच्या आत, दरसाल एकच आख्यान व्हायचं. राज्य गमावलेला राजा दूर निघून जातो, राणी लेकरं घेऊन रानात एकटी राहते, शेवटी राजा परत येतो. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, गावाला तोंडपाठ होतं. राणीचं सोंग वीस वर्षं एकच माणूस आणायचा. ते कोंडिबानाना.

नाना मेंढपाळ. साठीच्या आसपासचे, उंच, हाडापेरानं मोठे, आवाज मात्र मऊ. एरवी झुपकेदार मिशा. त्या मिशा ते राणीसाठी उतरवायचे. एखाद्या सकाळी नाना ओठ लपवीत पाणवठ्यावर आले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, आणि आख्यान जवळ आलं हे गावाला कळायचं. मिशा पुन्हा उगवेपर्यंत ते माणसांत जरा कमी बोलायचे.

मंडळाला आधार होता गावच्या जागीरदारांचा. त्यांचा मखमली पडदा, त्यांच्या दोन गॅसबत्त्या, आणि तालमीच्या आठवड्यात मंडळाला त्यांच्या चुलीवरचं जेवण. जागिरी गेल्या तसे ते बिऱ्हाड आवरून हैदराबादेला गेले. सामान भरलेल्या गाड्यांत पडदाही गेला आणि बत्त्याही गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता. वस्तू त्यांच्याच होत्या, गावाला मात्र त्या आपल्याच वाटायच्या.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. पाटील म्हणाले, “यंदा राहू द्या. उजेड न्हाई, पडदा न्हाई, अंधारात काय राणी चाचपायची?”

सगळे हसले. नाना कोपऱ्यात ओठावर पटका घेऊन बसले होते. मिशा त्यांनी आधीच उतरवल्या होत्या. ते म्हणाले, “उजेडच पायजे ना? मंग दुपारी करू.”

“दुपारी? आन पाखरं कुणी राखायची?”

प्रश्न खरा होता. कणसं दुधात असताना सकाळपासून दिवस मावळेपर्यंत प्रत्येक रानात एक माणूस मचाणावर लागतो. भोरड्यांचा थवा उतरला की घटकेत पट्टा पांढरा होतो. पण नाना पुन्हा तेवढंच म्हणाले, “दुपारीच करू.” वीस वर्षांत त्या माणसानं गावाकडं काही मागितलं नव्हतं, म्हणून पाटील ‘न्हाई’ म्हणाले नाहीत, ‘बघू’ म्हणाले. पडद्याचं तिथंच ठरलं. धनगरांच्या चार काळ्या घोंगड्या बाभळीच्या काट्यांनी एकमेकींना टाचायच्या आणि ताणायच्या.

नानांच्या मनात काय होतं ते मला उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. आख्यान आजवर रात्री व्हायचं. नाना सोंगाला गावात आले की शिवारातल्या मेंढवाड्यापाशी त्यांची बायको भागामाय एकटी असायची. आमच्या भागात तेव्हा लांडगे होते, मेंढरं सोडून हलता यायचं नाही. तालमीच्या रात्री ती तिथं, आख्यानाच्या रात्री ती तिथं. वीस वर्षं सगळ्या गावानं राणी पाहिली, एका भागामायनं पाहिली नाही. आणि राणी ज्या ओव्या म्हणायची त्या तिच्या होत्या. मेंढवाड्यापाशी बसून ती ज्या म्हणायची, त्या नानांनी गावाच्या वाटेनं जाता जाता मागून ऐकलेल्या आणि राणीच्या तोंडी घातलेल्या. “ओव्या कुठून आणल्या, नाना?” असं मी एकदा विचारलं तेव्हा ते “घरच्या हायत” एवढंच म्हणाले होते. आता भागामायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दुपारी मेंढरं सावलीला बसतात, लांडगा येत नाही. दुपारी आख्यान झालं तर तिला येता येणार होतं. दिसतंय तोवर तिनं एकदा बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. मोठा माणूस, पण हे चारचौघांत बोलायची त्यांना लाज वाटली असावी.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की नव्या राज्यात आमच्या गावाचं आख्यान बत्तीवाचून दुपारी उरकायची पाळी आली. माझा जीव तिळतिळ तुटला. पुढच्या रविवारी मी कुणाला न सांगता पिंगळीहून आगगाडीनं परभणीला गेलो आणि कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठजींपुढं उभा राहिलो. काय बोललो आठवत नाही. मराठी कमी पडेल तिथं उर्दू घातली, उर्दू कमी पडली तिथं हात जोडले. शेठजी सज्जन होते. दोन कोऱ्या बत्त्या काढून दिल्या. “मंडळाला भेट म्हणून कायमच्या ठेवा. आमचे मुनीमजी आख्यानाला येतील, उजेड कसा पडला ते बघतील,” म्हणाले. परतीच्या गाडीत मी त्या बत्त्या दोन मांड्यांवर उभ्या धरून बसलो होतो. पिंगळी येईपर्यंत मी तीनदा मनातल्या मनात भाषण केलं.

पारावर बत्त्या ठेवल्या तेव्हा गाव गोळा झालं. पोरांनी काचा चाचपल्या, पाटलांनी माझी पाठ थोपटली. आख्यान आता रात्रीच होणार हे कुणी न बोलताच ठरलं. नाना पुढं आले, एका बत्तीवरून हात फिरवला. “बरं केलं, मास्तर,” म्हणाले आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेले. मला वाटलं, भारावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढवाड्याकडं दुधाला गेलो. ते दिवस मला अजून नाकानं आठवतात. दवानं भिजलेल्या कडब्याचा वास, मेंढरांच्या लोकरीचा उबट दर्प, लांब कुणाच्या तरी आगटीत भाजणाऱ्या कणसांचा धूर. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उभ्या. थंडी अशी की तांब्या हातात धरवत नसे. भागामाय उन्हाला बसली होती. समोर एक किरमिजी लुगडं पसरलेलं, घड्यांच्या खुणा पडलेलं, बहुतेक लेकीच्या लग्नातलं. ती ते चाचपून चाचपून घडी घालत होती.

“काय चाललंय, माय?”

“काय न्हाई. ऊन दावायलेय लुगड्याला. आता गाठोड्यातच टाकायचंय.” मग चेहरा माझ्याकडं वळवून म्हणाली, “रातचं ठरलं म्हनं सोंग. बत्त्या आनल्या म्हनं तुमी. बरं झालं. उजेड लय पडंल.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तुम्ही येणार ना?”

“रातीला? आन मेंढरं? दुपारी येनार होते म्या. ह्येंनी सांगितलं होतं, पुढंच बस म्हनून. मला मानूस दुरून दिसतंय, तोंड दिसत न्हाई. पुढल्या साली मानूस तरी दिसतंय का न्हाई, कुनाला ठावं.” तिनं लुगड्याला शेवटची घडी घातली आणि माझ्या तांब्यात दूध ओतलं, थोडं बाहेर सांडलं. “मास्तर, तांब्या सरकवा की.”

तिथून मी पळतच पाटलांकडं गेलो. वाटेत दूध सगळं सांडलं. मला माझी इतकी शरम वाटत होती की ‘राम राम’ही न घालता मी सगळं ओकून टाकलं. पाटील तंबाखू मळत ऐकत होते. त्यांच्या तळव्यावरचा अंगठा थांबला.

“नानानं बोलायचं न्हाई का?” ते म्हणाले. मग स्वतःशीच, “कसा बोलंल.”

“बत्त्या परत करून येतो.”

“खुळे का काय तुमी? दिलेली वस्तू परत करायची म्हंजी देनाऱ्याच्या तोंडावर मारायची. आन तो मुनीम यायलाय उजेड बघाया.” त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली, पारावरच्या पिंपळाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. “शेठनं बत्त्या दिल्यात ना? मंग लावू. दुपारी लावू. दुपारी बत्ती लावाया कुनाची बंदी हाय?”

मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो. पाटील गंभीर होते.

पाखरांचाही निकाल त्यांनीच लावला. आख्यानाच्या आदल्या दिवशी गावात दवंडी फिरली. उद्या दुपारी कुणी मचाणावर थांबायचं नाही, लहान नाही, थोर नाही. ज्याच्या रानात पाखरू जेवढं खाईल तेवढं त्यानं आख्यानाला दिलं असं गाव समजेल. मोठ्या शेतवाल्याचं जास्त जाणार होतं, चार पट्टे असलेल्याचं थोडं. पण त्याचं थोडंच होतं, तेव्हा खरं तर त्याचंच जास्त जाणार होतं. कुणी कुरकुरलं नाही असं मी म्हणणार नाही. एक-दोघं दिवसभर पुटपुटत होते. पण आले सगळे.

पुढं मी पुष्कळ संस्था पाहिल्या. अनुदानाचे अर्ज लिहून दिले, इमारतनिधीच्या सभांना बसलो, कोनशिलेवरच्या नावांच्या क्रमावरून झालेली भांडणं मिटवली. देणाऱ्यांना मी हसत नाही. देणं अवघड असतं हे मला माहीत आहे. पण त्या दुपारी आमच्या गावानं जे दिलं त्याची कुठं पावती फाडता आली नसती. देणाऱ्यालाही कळलं नसतं आपलं किती गेलं. शिवारात थवे उतरताना दिसत होते आणि लोक तिकडं पाठ करून बसले होते. ती पाठ करून बसलेली माणसं आठवली की मला आजही भरून येतं.

दुपार टळायच्या आत मारुतीपुढचं पटांगण भरलं. काळ्या घोंगड्यांचा पडदा ताणला होता. त्याच्या दोन अंगांना दोन बांबू आणि त्यांवर शेठजींच्या बत्त्या, पंप मारून पेटवलेल्या. सूं सूं आवाज येत होता, पण माघातलं स्वच्छ ऊन, जाळी पेटलीय की विझलीय कळायला मार्ग नव्हता. मुनीमजी टांगा करून आले. काळी टोपी, उपरणं, कपाळाला गंध. ते खुर्चीवर बसण्याआधी एका बत्तीपाशी गेले, डोळे बारीक करून बघितलं, मग काचेजवळ हात नेला आणि चटका बसल्यावर खात्री पटून परत आले.

देणाऱ्यांची नावं पुकारायचं काम माझ्याकडं होतं. मी उन्हात उभा राहून खड्या आवाजात म्हणालो, “आजचा हा उजेड परभणीच्या शेठजींच्या मेहेरबानीनं!” सगळं पटांगण फिसकन हसलं. माझे कान तापले. मुनीमजींनी इकडं तिकडं बघितलं, वर सूर्याकडं बघितलं, आणि तेही हसायला लागले. जाताना ते मला म्हणाले, “शेठजीस्नी सांगतो, उजेड लय पडला होता. खोटं बोलायची गरज न्हाई.”

बायकांनी भागामायला अगदी पुढं आणून बसवलं होतं. किरमिजी लुगडं, डोईवर पदर. पडद्यामागं ओढ्याकाठच्या बाभळींखाली तिची मेंढरं बसलेली, मधूनच एखादं खाकरल्यासारखं ओरडायचं. टाळ-मृदंग सुरू झाले. राजा आला, गेला. मग घोंगडी बाजूला सरली आणि राणी आली. पाटलीणबाईंचं हिरवं लुगडं, हातात काचेच्या बांगड्या, तोंडाला मुर्दाडशिंगाचा पिवळा लेप. रात्रीच्या उजेडात जे लपलं असतं ते दुपारी काहीच लपत नव्हतं. गळ्याच्या शिरा दिसत होत्या, बिनमिशांच्या ओठांचं थरथरणं दिसत होतं. म्हातारा माणूस लुगडं नेसून उभा आहे हे लख्ख कळत होतं. मी मनात म्हटलं, संपलं, आता लोक हसणार.

कुणी हसलं नाही. राणी समोर बसलेल्या किरमिजी लुगड्याकडं बघत होती, आणि रानातली ती ओवी आली:

नको येऊ रे जवळ काळोखाच्या आडून,
एकली हाय जरी, बसले मी जागून.

नानांनी ती हळू म्हटली, ओढून ओढून, प्रत्येक शब्दावर हुंदका देत. दरसाल अशीच म्हणायचे म्हणे. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाटील उगाच पागोटं नीट करू लागले. मीही रडलो. भागामाय तेवढी हलली नाही. मान थोडी तिरकी करून ऐकत राहिली.

आख्यान संपलं तशी माणसं भराभर उठली, आपापल्या रानाकडं निघाली. जे खायचं ते पाखरांनी खाल्लं होतं, तरी पाय उचलले जात होते. नाना पडद्याच्या कडेला बसून ओल्या फडक्यानं तोंड पुसत होते. भागामाय हातानं वाट चाचपत तिथवर आली. मी बत्त्या विझवत जवळच उभा होतो.

“दिसलं का?” नानांनी विचारलं. फडकं तोंडावरच होतं.

“दिसलं की. सगळं दिसलं. तोंड बी दिसलं.” ती खाली बसली. “राणी लय रडती पर.”

नानांचा हात थांबला.

“ती ओवी रडून न्हाई म्हनायची. वरडून म्हनायची. लांडग्याला कळाया नगं का, हितं मानूस जागं हाय म्हनून?”

नाना तिच्याकडं बघतच राहिले. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा त्यांचा स्वतःचा. “मला वाटलं,” ते म्हणाले, आणि फडकं खाली ठेवलं, “मला वाटलं, म्या सोंगाला निघालो की तू रडायलीस. वाटंनं ऐकू यायचं मला. वीस वरसं.”

“म्या? कामून रडू?” भागामायला खरंच नवल वाटलं होतं. “मेंढरं राखायले होते म्या.”

माझ्या हातातली बत्ती सूं करून विझली. वीस वर्षं हा माणूस मनावर ओझं घेऊन गावाच्या वाटेनं येत होता, आणि ते ओझंच राणी म्हणून सगळ्यांना दाखवत होता. मला वाटलं, आता ते खट्टू होतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते दुसरंच काहीतरी होतं. लाज होती, थोडं हसू होतं, आणि कुठल्या तरी कोड्यातून सुटल्याचा मोकळेपणा होता.

“मंग कशी म्हनायची?” त्यांनी विचारलं.

“हितं?”

“हितंच.”

“मेंढरं उठली आसतील. चला, वाटंनं सांगते.”

ती उठली आणि ओढ्याच्या दिशेनं निघाली. नाना तसेच तिच्या मागून निघाले, अंगावर हिरवं लुगडं, हातात बांगड्या, चेहरा अर्धा पुसलेला. मेंढरांच्या पलीकडून तिचा आवाज आला, उंच, कोरडा, सरळ शिवारभर जाणारा. रानाकडं चाललेली माणसं बांधावर थांबली. मग त्यामागून नानांचा आवाज आला, तीच ओवी, पण सवयीनं पुन्हा रडका. तिचा आवाज मध्येच थांबला.

“आसं न्हाई,” ती म्हणाली. “पुन्यांदा.”